जालियनवाला बागेंतील स्मारक व तेथील आकडे

अमृतसर येथील जालियनवाला बागेचें स्मारक आणि त्यास जोडून असलेलीं लहानशीं संग्रहालय-दालनें यांचें नूतनीकरण होऊन तीं ता. २८ ऑगस्ट २०२१ रोजीं पुन्हा खुलीं झालीं. तेव्हांपासून त्यांविषयीं बरेंवाईट पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु त्यांतील बहुतेक लेखन डोळ्यांस काय रुचलें व काय खुपलें एवढ्यापुरतेंच आहे. संशोधनाच्या त्रैमासिकास प्रश्न निराळा विचारावा लागतो. तेथें जें सांगितलें जातें तें कोणत्या आधारावर? आणि जो पुरावा त्या जागेंत प्रत्यक्ष उभा होता त्याची जपणूक झाली कीं नाहीं? गेल्या हिवाळ्यांत आम्हांस तेथें जाण्याचा योग आला. नोकरीनिमित्त तिकडे असलेला आमचा एक जुना विद्यार्थी व त्याची शाळकरी मुलगी हीं बरोबर होतीं. त्या मुलीच्या एका प्रश्नामुळेंच प्रस्तुत लेख लिहिणें भाग पडलें, हें आरंभींच सांगून टाकतों.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. मराठींत रूढ असलेलें 'जालियनवाला' हें रूप इंग्रजी लेखनावरून आपल्याकडे आलें आहे. पंजाबींतील उच्चार 'जल्लियांवाला' ह्याच्या जवळचा होय. जल्ला गांवाहून आलेल्या घराण्याची ती जागा, म्हणून जल्लेवाल्यांची बाग, अशी त्याची व्युत्पत्ति आहे. 'बाग' हा शब्दही नांवापुरताच. १९१९ सालीं तेथें फुलझाडें नव्हतीं; घरांच्या पाठभिंतींनीं वेढलेलें सहा-सात एकरांचें तें एक उघडें पटांगण होतें, त्यांत एक समाधि, एक विहीर आणि थोडीं झाडें. रूढ रूप बदला असा आमचा आग्रह नाहीं. ह्या लेखांत आम्हीही तेंच ठेविलें आहे. तथापि परक्याच्या लेखणींतून आलेला शब्द आपण न तपासतां स्वीकारतों, ही खोड केवळ नांवापुरती राहत नाहीं.

आतां त्या गल्लीविषयीं. ज्या अरुंद वाटेनें आज प्रेक्षक आंत शिरतो त्याच वाटेनें ता. १३ एप्रिल १९१९ रोजीं, बैसाखीच्या दिवशीं, सायंकाळीं पांचाच्या सुमारास जनरल डायर आपले शिपाई घेऊन आंत शिरला. बंदुका असलेले पन्नास व केवळ कुकऱ्या घेतलेले चाळीस असे त्याचे लोक होते. त्याच्याबरोबर चिलखती मोटारी दोन होत्या. त्या ह्या गल्लींतून आंत जाईनात म्हणून बाहेर ठेवाव्या लागल्या. पुढें हंटर समितीपुढें सर चिमणलाल सेटलवाड यांनीं त्यास विचारलें कीं, मोटारी आंत आणितां आल्या असत्या तर त्यांवरील यंत्रतोफा चालविल्या असत्या काय? बहुधा चालविल्या असत्या, असें त्यानें उत्तर दिलें. ह्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, त्या गल्लीची रुंदी ही नुसती स्थलवर्णनाची बाब नव्हे. ती रुंदी म्हणजे एक साक्ष आहे. ती वाट चार हात अधिक रुंद असती तर मृतांची यादी किती लांबली असती ह्याचा हिशेब करणें नको वाटतें.

आम्हीं ही गल्ली पूर्वी एकदां पाहिली होती. सुमारें चौतीस वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आम्ही पंजाबांत गेलों होतों, तेव्हां तेथें जुन्या विटांच्या उघड्या भिंती होत्या. मुलें एरव्ही कोठेंही गप्प राहत नसत. तेथें आपोआप ओळीनें एकामागून एक चालूं लागलीं, कारण दुसऱ्या रीतीनें चालण्यास जागाच नव्हती. आतां त्या भिंतींवर त्या दिवशीं बागेंत आलेल्या लोकांचीं म्हणून उठावाचीं शिल्पें बसविलीं आहेत आणि पायाखालीं नवी गुळगुळीत फरशी आहे. शिल्पकाराच्या हाताला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. स्त्रिया, मुलें, म्हातारे अशा त्या आकृति जत्रेस निघाल्यासारख्या दिसतात, आणि त्यांस पुढें काय वाढून ठेविलें आहे हें त्यांस ठाऊक नाहीं ही कल्पना त्यामागें असेल. परंतु प्रेक्षक त्या आकृतींपाशीं थांबतो, त्यांच्यासह छायाचित्रें काढवितो आणि पुढें जातो. भिंत पाहावयाची राहून जाते. जीर्ण पोथीचीं पानें फाटलीं तर ती सांधावी, तिला वेष्टन घालावें, हें उचितच. पण अक्षरें पुसट झालीं म्हणून त्यांवर नवीं सुबक अक्षरें गिरवून ठेवणाऱ्यास आपण पोथीचा रक्षक म्हणत नाहीं.

येथें एक गोष्ट सहज आठवते. पुण्यांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्याचा आरंभ झाला तो ता. १ एप्रिल १९१९ रोजीं, म्हणजे ह्या हत्याकांडाच्या अवघे बारा दिवस आधीं. दोन घटनांचा परस्पर संबंध कांहीं नाहीं. परंतु त्या आवृत्तीनें आपणांस एक शिस्त लावून दिली. जो पाठ ग्राह्य वाटेल तो वर छापावा, बाकीचे पाठभेद खालीं द्यावे, कोणता पाठ कोणत्या पोथींतला तें सांगावें, आणि संपादकाला आवडला म्हणून कोणताही श्लोक संहितेंत घुसडूं नये. शंभर वर्षें ही शिस्त आपण ग्रंथांना लाविली. पाट्यांना व स्मारकांना ती लावावी असें कोणास वाटत नाहीं, ह्याचें नवल वाटतें.

ह्याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मृतांची संख्या. बागेच्या न्यासानें कित्येक वर्षांपूर्वी बसविलेल्या एका शिळेवर असा आशयाचा लेख होता कीं, ही भूमि सुमारें दोन हजार हिंदु, शीख व मुसलमान देशभक्तांच्या रक्तानें भिजलेली आहे. ही जागा ५,६५,००० रुपयांस विकत घेतल्याची नोंदही त्याच लेखांत होती. पहिल्या भेटीच्या वेळीं तो लेख आम्हीं वहींत उतरून घेतला. पुढें निवृत्त होईपर्यंत दरवर्षी इतिहासाच्या तासाला तोच आकडा फळ्यावर लिहिला. आतां बागेंत उभे असतां त्या मुलीनें आपल्या बापाला विचारलें, "बाबा, तुम्ही दोन हजार म्हणतां, आमच्या पुस्तकांत ३७९ आहेत. खरें कोणतें?" बाप आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्हीच आम्हांला दोन हजार शिकवलेत." तो हें रागानें म्हणाला नाहीं. पण आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि संस्कृताच्या तासाला एका विभक्तीच्या चुकीसाठीं मुलांस उभें करणाऱ्या शिक्षकाची ती अवस्था वाचकांनीं समजून घ्यावी.

घरीं आल्यावर उपलब्ध साधनें पुन्हा उघडून बसलों. ३७९ हा आकडा सरकारी खरा, परंतु तो सरकारनें आपण होऊन शोधून काढिलेला नव्हे. गोळीबारानंतर कित्येक महिने मृतांची मोजदाद झालीच नाहीं. सरकारनें प्रथम जो आकडा जाहीर केला तो तीनशेंच्या आंतला होता. अलाहाबादच्या सेवा समितीच्या कार्यकर्त्यांनीं घरोघर हिंडून माहिती जमविली, तेव्हां तो ३७९ वर गेला. त्यांत ३३७ पुरुष, ४१ मुलगे आणि सहा आठवड्यांचें एक बालक अशी विभागणी सांगितली जाते. म्हणजे त्या यादींत प्रौढ स्त्री एकही नाहीं. सभेस स्त्रिया आल्याच नव्हत्या असें म्हणावें, तर ह्या प्रसंगाच्या चित्रांशिल्पांतून त्या सर्वत्र दिसतात. आल्या होत्या म्हणावें, तर यादी अपुरी ठरते. स्मारकाच्या चालकांनीं ह्यांपैकीं कोणता पक्ष घेतला आहे तें गल्लींतील शिल्पांवरून कळतें, मात्र कशाच्या आधारें घेतला तें कळत नाहीं.

हंटर समितीनें मृतांचा हा आकडा धरून पुढें असें म्हटलें कीं, जखमींची निश्चित संख्या उपलब्ध नाहीं, तथापि ती मृतांच्या सुमारें तिप्पट धरावी. ३७९ ची तिप्पट ११३७. दोहोंची बेरीज १५१६. आमच्या समजुतीप्रमाणें सर्व घोटाळ्याचें मूळ ह्या बेरजेंत आहे. लढाईच्या वर्णनांत इंग्रज जो शब्द वापरतात त्यांत मेलेले व जखमी दोन्ही येतात. संस्कृतांत त्यास 'हताहत' असा नेमका सामासिक शब्द आहे. हत आणि आहत ते हताहत. इंग्रजींतून देशी भाषांत उतरतांना ह्या समासाचें उत्तरपद गळालें आणि केवळ 'हत' उरले. पुढें दीड हजारांचे दोन हजार होण्यास वेळ लागला नाहीं. पांचशें मृत धरून त्यांत तिप्पट जखमी मिळविले तरी बरोबर दोन हजारच येतात, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. शिळालेख कोणी लिहिला व त्यापुढें कोणते कागद होते तें शिळा सांगत नाहीं, म्हणून हें आमचें अनुमानच समजावें.

परंतु ह्याचा अर्थ ३७९ हा आकडा अंतिम मानावा असाही नव्हे. तो तळाचा आकडा आहे. बैसाखीच्या यात्रेस आसपासच्या खेड्यांतून लोक आले होते; त्यांपैकीं जे मेले त्यांचीं घरें अमृतसरांत नव्हतीं, मग तेथें घरोघर हिंडणाऱ्यास तीं कशीं सांपडावीं? शिवाय लष्करी कायद्याचा जाच लोकांनीं नुकताच भोगला होता. आमचा माणूस त्या सभेंत होता, असें सरकारदरबारीं जाऊन सांगण्याचें धाडस किती घरांना झालें असेल? त्या सायंकाळीं आठानंतर घराबाहेर पडण्यास बंदी होती, त्यामुळें अनेक प्रेतें रात्रभर तशींच पडून राहिलीं आणि दुसऱ्या दिवशीं घाईनें अंत्यसंस्कार उरकले. काँग्रेसच्या बाजूनें मृतांचा अंदाज हजाराच्या घरांत केला गेला. अलीकडे एका पाश्चात्त्य अभ्यासकानें पांचशें ते सहाशें असा अंदाज मांडला आहे. अमृतसरच्या जिल्हा कचेरींतील यादी ४८४ नांवांची व बागेच्या न्यासाची ३८८ नांवांची असल्याचेंही प्रसिद्ध झालें आहे. ह्या दोन याद्यांत जवळजवळ शंभर नांवांचें अंतर आहे. तीं शंभर माणसें कोण? एका यादींत असून दुसरींत कां नाहींत? स्मारकापासून जिल्हा कचेरी फार दूर नसावी. दोन याद्या शेजारीं शेजारीं मांडून, जेथें नांव जुळत नाहीं तेथें खूण करून, तो तक्ता एका भिंतीवर लावला असता तर एका दालनाचें सार्थक झालें असतें.

आकडा मोठा सांगितल्यानें आपल्याच पक्षाची हानि कशी होते ह्याचा दाखला ह्याच शिळेपाशीं १९९७ सालीं घडला. इंग्लंडची राणी व तिचे पति प्रिन्स फिलिप त्या वर्षीं बागेंत आले होते. दोन हजारांचा तो लेख वाचून प्रिन्स फिलिप म्हणाले कीं, ही अतिशयोक्ति आहे, त्यांत जखमीही धरले असावेत. आणि आधार काय सांगितला, तर नौदलांत डायरचा मुलगा आपल्याबरोबर होता, त्यानें सांगितलें! ह्या उद्गारांनीं आपल्याकडे मोठा संताप उसळला, आणि तो योग्यच होता. मारेकऱ्याच्या मुलाची साक्ष मृतांच्या भूमीवर उभें राहून उद्धृत करावयाची, ह्यापरता अविवेक नाहीं. पण त्या संतापांत एक गोष्ट झांकली गेली. पाहुण्याचा आधार निंद्य होता, परंतु शिळेंतील शब्दाविषयींची त्याची शंका बहुधा बरोबर होती. आपण हताहतांस हत लिहिलें नसतें, तर त्यास तोंड उघडण्यास जागाच मिळाली नसती. दहा मिनिटांत १६५० गोळ्या, लोकांस पांगण्याची सूचना नाहीं, जखमींस पाणी नाहीं. हें सर्व गोळ्या झाडविणाऱ्यानेंच कबूल केलेलें आहे. ज्याच्या पदरीं असा कबुलीजबाब आहे त्यानें आकडा फुगवावा तरी कशासाठीं?

विहिरीचीही हीच कथा. जीव वांचविण्यासाठीं लोकांनीं तींत उड्या टाकिल्या, आणि तींतून १२० प्रेतें काढलीं असें पाटी सांगते. पाटी आकडा देते, आधार देत नाहीं. हे १२० त्या ३७९ मध्यें धरावयाचे कीं वेगळे? धरावयाचे असतील तर मृतांपैकीं जवळजवळ एक तृतीयांश एका विहिरींत मेले असें होईल. वेगळे असतील तर एकूण ४९९ होतात, आणि मग सरकारी आकडा तेथेंच खोटा पडतो. दोहोंपैकीं कोणतेंही खरें ठरलें तरी तें महत्त्वाचें आहे, म्हणून तर विचारावयाचें. विहिरीवर आतां कांचेचें आच्छादन आहे. ह्यावर टीका झाली आहे. आम्हांस मात्र तें ठीक वाटलें. आमच्या देखत एका गृहस्थानें कांचेच्या फटींतून नाणें टाकण्याचा प्रयत्न केला. कांच नसती तर काय काय टाकिलें गेलें असतें तें न बोललेलें बरें.

भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा पांढऱ्या चौकटी करून दाखविल्या आहेत, त्या तशाच आहेत, आणि सबंध बागेंत मनाला जर कांहीं थांबवीत असेल तर त्या खुणाच. तेथें चित्रपट नाहीं, संगीत नाहीं. नव्या दालनांतून पंजाबची पूर्वपीठिका, रौलट कायदा, डॉ. किचलू व डॉ. सत्यपाल यांस ता. १० एप्रिल रोजीं अटक होऊन उसळलेला क्षोभ इत्यादि विषय प्रकाशपटांच्या व हलत्या चित्रांच्या साहाय्यानें मांडले आहेत. मुलांस तें आवडतें. आम्हीही तासभर बसलों व ज्ञात असलेल्या गोष्टी पुन्हा पाहून बाहेर आलों.

उधमसिंगाविषयीं मात्र थोडें लिहिलें पाहिजे, कारण बागेंत त्याच्याविषयीं जितकें बोललें जातें तितकें इतर कोणाविषयीं नाहीं, आणि तितकें चुकीचेंही. आमच्या पुढें चाललेले एक गृहस्थ आपल्या कुटुंबास सांगत होते कीं, ह्यानें विलायतेंत जाऊन डायरला मारलें. डायर ता. २३ जुलै १९२७ रोजीं आजारानें वारला. उधमसिंगानें ता. १३ मार्च १९४० रोजीं लंडनच्या कॅक्स्टन हॉलांत गोळी घातली ती सर मायकेल ओड्वायर यास. हा १९१९ सालीं पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता व डायरच्या कृत्यास त्यानें संमति दिली होती. नामसादृश्यानें झालेला हा घोटाळा इतका सार्वत्रिक आहे कीं, बागेंत सर्वांत मोठ्या अक्षरांची पाटी हाच भेद सांगणारी हवी. हत्याकांडाच्या वेळीं उधमसिंग स्वतः बागेंत लोकांस पाणी देत होता, ही गोष्टही निर्विवाद नाहीं. अभ्यासकांत त्याविषयीं मतभेद आहे. ती नसली म्हणून ता. ३१ जुलै १९४० रोजीं फांसावर चढलेल्या त्या पुरुषाचें मोल तिळभर कमी होत नाहीं.

आमची खरी तक्रार जें आहे त्याविषयीं नसून जें तेथें हवें होतें त्याविषयीं आहे. काँग्रेसनें नेमिलेल्या चौकशी समितीनें सतराशेंहून अधिक साक्षीदारांचीं निवेदनें तपासलीं व त्यांतील सुमारें साडेसहाशें छापून काढिलीं. समितींत गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी हे होते; आणि मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष झाल्यामुळें त्यांच्या जागीं मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर घेतले गेले. महाराष्ट्राचा ह्या शोककथेशीं जो प्रत्यक्ष संबंध आहे तो हा, आणि दुसरा असा कीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन अमृतसरांतच भरलें व लोकमान्य टिळक त्यास उपस्थित होते. तीं साडेसहाशें निवेदनें १९२० सालीं छापलेलीं आहेत. तीं गुप्त नाहींत, दुर्मिळही म्हणवत नाहीं. त्यांत रतनदेवी ह्या स्त्रीचें निवेदन आहे. नवऱ्याचें प्रेत एकटीला उचलून नेतां येईना व संचारबंदीमुळें कोणी मदतीस येईना, म्हणून ती हातांत काठी घेऊन कुत्र्यांना हाकलीत रात्रभर तेथेंच बसून राहिली. आजूबाजूस विव्हळणारे, पाणी मागणारे जखमी होते. त्यांचेंही ती सांगते. हें सांगतांना तिनें विशेषण वापरलेलें नाहीं. कोणत्याही हलत्या चित्रानें ह्या निवेदनाची बरोबरी करतां येणार नाहीं. तें मूळ भाषेंत, भाषांतरासह, साधनाचा पृष्ठांक देऊन, विहिरीजवळच्या एखाद्या साध्या फलकावर असावें.

निघण्यापूर्वी त्या मुलीस आम्हीं उत्तर दिलें. सांगितलें तें असें: ३७९ हून कमी खचित नाहींत, त्याहून किती अधिक हें अजून कोणी नीट मोजलेलें नाहीं, आणि दोन हजार हा आकडा तुझ्या बापाला आम्हीं न तपासतां सांगितला होता. तिनें विचारलें, "मग परीक्षेंत काय लिहूं?" तिच्या बापाकडे पाहून आम्ही म्हणालों, पुस्तकांत आहे तें लिही, पण त्याच्या मागें 'निदान' हा शब्द जोड. त्यासाठीं गुण कापले गेले तर आम्हांस कळव.

शेवटीं एक विनंती. अमृतसरच्या १९१९ च्या अधिवेशनास महाराष्ट्रांतून जे प्रतिनिधि गेले त्यांपैकीं कित्येकांनीं, आठ महिन्यांपूर्वीं जेथें गोळीबार झाला ती बाग पाहिली असलीच पाहिजे. त्यांचीं घरीं पाठविलेलीं पत्रें, रोजनिशा किंवा टिपणवह्या कोणाच्या संग्रहीं असल्यास, आणि त्यांत बागेचें, विहिरीचें अथवा मृतांच्या संख्येविषयीं तेथें कानीं आलेल्या बोलण्याचें एका ओळीचेंही वर्णन असल्यास, त्याची नक्कल ह्या त्रैमासिकाकडे कृपा करून पाठवावी. पत्राची तारीख व ठिकाण जसेंच्या तसें उतरावें. शुद्धलेखन सुधारूं नये.